न पेटलेल्या गावाचा अभ्यास

दंगल झाली की आयोग बसतो. १९७० च्या मे महिन्यात भिवंडी, जळगाव आणि महाड पेटलं, त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे झालं, त्यावर न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी १९९८ साली अहवाल दिला. त्यात ९०० मृत्यू मोजलेले आहेत आणि कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत काय घडलं ते ठाण्यागणिक लिहिलेलं आहे. पण जिथे सगळी तयारी होती, अफवा सुटली होती, दुकानांची फळी पडली होती आणि तरीही काही झालं नाही, त्या गावासाठी कुणी आयोग नेमत नाही. तिथे कोण कुणाशी काय बोललं, हे शोधून काढणारी थोडी माणसं विद्यापीठांतून असतात. शांतता, सलोखा आणि धर्माधर्मांतला संवाद हा त्यांचा अभ्यासाचा आणि पोटापाण्याचाही विषय.

लिहायला निमित्त घरचंच झालं. माझी भाची बेळगावला बी.ए. झाली आणि तिला याच विषयात एम.ए. करायचं आहे. तिच्या वडिलांचा फोन आला. "अक्का, इतिहास म्हटलं तर कळतं, कायदा म्हटलं तर कळतं. शांतता हा काय विषय झाला? पुढं काय करायचं पोरीनं?" विचारणं खोचक नव्हतं, बापाच्या काळजीचं होतं. मी हुबळीत आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, राहते देशपांडे नगरात. या गावात राहणाऱ्याला या विषयाची गरज समजावून सांगायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या देशपांडे नगराची ओळख गाण्यामुळे आहे. गंगूबाई हनगल इथे राहिल्या. त्यांचं ‘गंगालहरी’ हे घर इथलं, सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृहही इथलंच. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, गंगूबाईंचे गुरू. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ, जे मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि तिथे दरवर्षी उरुसात गाणं होतं. हुबळीहून थोडं पुढे शिशुनाळ आहे. संत शरीफ (१८१९–१८८९) मुसलमान घरात जन्मले, गोविंद भट्ट नावाच्या ब्राह्मण गुरूचे शिष्य झाले, आणि त्यांच्या समाधीवर आजही दोन्ही धर्मांचे लोक डोकं टेकवतात. धारवाडकडच्या खेड्यांत मोहरमचे पंजे बसतात तेव्हा त्यांच्यापुढे नाचणाऱ्यांत आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरं कमी नसतात. जॅकी असाय्याग नावाच्या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने या मुलखात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरापासून, वर्षानुवर्षं हिंडून हिंदू-मुसलमानांच्या या सरमिसळीवर पुस्तकं लिहिली.

हे सगळं खरं आहे, आणि तरीही देशपांडे नगरातून चालत जावं इतक्या अंतरावर, चन्नम्मा चौकाजवळ, इदगाह मैदान आहे. १९२१ साली नगरपालिकेने ते मैदान नमाजासाठी अंजुमन-ए-इस्लाम या मुस्लिम संस्थेला वापरायला दिलं. पुढे तिथे बांधकाम करण्यावरून १९७२ साली दावा लागला. नव्वदच्या दशकात तिथे तिरंगा फडकवण्याचा आग्रह सुरू झाला आणि १५ ऑगस्ट १९९४ रोजी उमा भारती हुबळीत आलेल्या असताना संचारबंदी, जमाव, गोळीबार असा सगळा क्रम घडून माणसं मेली. त्याच प्रकरणातल्या वॉरंटमुळे दहा वर्षांनी त्यांना मध्य प्रदेशचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये जागा महापालिकेची ठरवली आणि वर्षातले नमाजाचे दोन दिवस कायम ठेवले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे गणपती बसवण्यावरून प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे रात्री उशिरापर्यंत चाललं.

सलोख्याच्या वारशावर आपण भाषणं देतो, त्यांत शरीफ येतात, करीम खाँ येतात. मी स्वतः अशी भाषणं दिली आहेत आणि पुढेही देईन, कारण तो वारसा मला प्रिय आहे. पण १९९४ मध्ये तो गावात होताच. गंगूबाई होत्या, शरीफांची पदं घरोघर गायली जात होती. गोळीबार त्याने थांबला नाही. म्हणजे गावात प्रेम असणं आणि गावात दंगल न होणं यांच्या मध्ये आणखी काहीतरी लागतं. ते काय, या प्रश्नातून हे शास्त्र सुरू होतं.

आशुतोष वार्ष्णेय यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांच्या आधीचे बहुतेक अभ्यासक दंगलग्रस्त शहरात जात आणि कारणं गोळा करून परत येत. वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावल्या: एक पेटणारं, एक शांत राहणारं. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. २००२ साली त्यांचं पुस्तक आलं. १९५० ते १९९५ या काळातल्या दंगलींच्या बातम्या एकत्र करून त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी जी मोजणी केली, ती पाहून मी वर्गात फळ्यावर आकडे लिहून ठेवले होते. खेड्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी. देशातली फक्त आठ शहरं मिळून जवळजवळ निम्मे मृत्यू. म्हणजे ‘हिंदू-मुसलमान शेकडो वर्षं भांडतच आले आहेत’ हे आपण चहा पिताना सहज म्हणतो, ते आकड्यांपुढे टिकत नाही. बहुतेक हिंदुस्थान बहुतेक काळ शांत असतो. शोध घ्यायचा तो या शांततेचा.

अलीगढ आणि कालिकत या दोन्ही शहरांत मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं. बाबरी मशिदीच्या प्रश्नाने दोन्ही शहरं तापली. पेटलं एकच. कालिकतमध्ये विचारलं तेव्हा ८३ टक्के लोक म्हणाले की आम्ही दुसऱ्या धर्माच्या माणसांबरोबर बऱ्याचदा जेवतो. अलीगढमध्ये ५४ टक्के. पण वार्ष्णेय तिथे थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या शहरात नुसता शेजारधर्म पुरत नाही. दोन्ही धर्मांचे सभासद असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालयं, मंडळं लागतात. अफवा आली तर ती खोटी पाडण्यात अशा संघटनेला स्वार्थ असतो, कारण बाजार बंद पडला तर दोघांचंही नुकसान. सुरतेत १९९२ मध्ये हेच दिसलं. जुन्या शहरात, जिथे धंद्याचे धागे गुंतलेले होते, तिथे शांतता राहिली. नव्या झोपडवस्त्यांत, जिथे माणसं नुकती पोटासाठी आली होती आणि एकमेकांना ओळखतही नव्हती, तिथे भयंकर हिंसा झाली.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण भिवंडीचं आहे. १९७० ला जळलेलं, १९८४ ला पुन्हा जळलेलं यंत्रमागांचं गाव. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी पेटणारच असं सगळे धरून चालले होते. पेटली नाही. त्याआधीची काही वर्षं तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बसवल्या होत्या. शांतता समित्या आपल्याकडे गणपती आणि ईद आली की बसतात: ठाण्यात खुर्च्या, पुढारी, चहा, फोटो. खोपडेंनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं. वस्तीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्याच भागाचा पोलीस हे वर्षभर भेटत राहिले. बोलायचे ते नळाबद्दल, गटाराबद्दल, नवराबायकोच्या भांडणाबद्दल. डिसेंबर १९९२ उजाडला तेव्हा त्या माणसांना एकमेकांची नावं माहीत होती आणि शिपायाला गल्ली माहीत होती. खोपडेंच्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. एका पोलीस अधिकाऱ्याने मराठीत विचारलेला हा प्रश्न वार्ष्णेयांच्या पुस्तकातही पोचला. मुंबईतही पुढे १९९४ मध्ये मोहल्ला कमिटीचं काम उभं राहिलं, ज्यात ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी हे पोलीस अधिकारी होते आणि सुशोभा बर्वे होत्या. सुशोभाताईंनी या कामालाच आयुष्य वाहिलं. दंगलीनंतर उद्ध्वस्त वस्तीत जाऊन बसायचं, ज्याचं गेलं त्याचं ऐकायचं आणि महिनोन्‌महिने परत परत जायचं, ही त्यांची रीत.

सगळे अभ्यासक वार्ष्णेयांशी सहमत नाहीत आणि विद्यार्थ्याने हा वाद मुळातून वाचावा. पॉल ब्रास यांनी अनेक दशकं अलीगढलाच पुन्हा पुन्हा जाऊन काम केलं. त्यांच्या मते दंगल घडत नाही, घडवली जाते. ती घडवणाऱ्यांची एक कायमची यंत्रणा गावात असते, कुणी अफवा पेरतो, कुणी माणसं आणतो, कुणी नंतर ‘लोकांचा उद्रेक’ असं नाव देतो. विल्किन्सन, ज्यांनी वार्ष्णेयांबरोबर आकडे जमवले, त्यांनी २००४ मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला: राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस वेळेवर पोचतात. माझं मत विचाराल तर मला ब्रास जास्त पटतात जेव्हा प्रश्न ‘आग कुणी लावली’ हा असतो, आणि वार्ष्णेय जास्त पटतात जेव्हा प्रश्न ‘ती पसरली का नाही’ हा असतो.

जगात या विषयाचा जम बसवला तो नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी. १९५९ साली त्यांनी ऑस्लोत शांतता संशोधन संस्था काढली. त्याआधी तरुणपणी ते गांधींवर आर्ने नेस यांच्याबरोबर पुस्तक लिहून बसले होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. त्यांनी केलेला एक भेद फार उपयोगाचा आहे. गोळीबार थांबला, संचारबंदी उठली, पेपरात ‘शहरात शांतता’ छापून आलं, ही एक शांतता. पण नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, एका वस्तीत पाणी येतं आणि दुसरीत येत नाही, तोवर दुसरी शांतता आलेली नसते. तिला सकारात्मक शांतता म्हणतात. ती आणायची तर घरांचं, पाण्याचं, शाळेचं बघावं लागतं, म्हणजे हा विषय थेट नगरपालिकेत जाऊन पोचतो.

भाचीच्या वडिलांना मी असगर अली इंजिनिअर यांचं चरित्र सांगितलं. ‘करिअर’ म्हणजे काय ते त्यातून नीट दिसतं. राजस्थानातल्या सलुंबरला १९३९ मध्ये जन्म, वडील बोहरा समाजाचे धर्मगुरू, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, नोकरी मुंबई महानगरपालिकेत. विद्यार्थिदशेत १९६१ च्या जबलपूरच्या दंगलीने ते हादरले होते. नोकरी करता करताच लिहू लागले, शेवटी स्वेच्छेने निवृत्त झाले. पुढे कुठेही दंगल झाली की ते तिथे जायचे, दोन्ही बाजूंना भेटायचे आणि काय घडलं ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडायचे. भिवंडी, मेरठ, भागलपूर. १९८० मध्ये त्यांनी इस्लामी अभ्यासाची संस्था काढली, १९९३ मध्ये समाज व धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाचं केंद्र. शिक्षक आणि पोलीस यांच्यासाठी शिबिरं घेतली. स्वतःच्या समाजातल्या धर्मसत्तेला प्रश्न विचारल्याबद्दल बहिष्कार सोसला. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्याबरोबर त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१३ मध्ये ते गेले. दुसऱ्याच्या धर्मातल्या कट्टरतेवर बोट ठेवायला धैर्य लागत नाही, असं मी मुलांना नेहमी सांगत आले, ते त्यांच्याकडे पाहून.

संवादाची शाखा वेगळी आणि तिला महाराष्ट्रात फार सुंदर परंपरा आहे. फ्रेंच जेझुइट डेल्युरी पुण्यात आले, मराठी शिकले, वारीत चालले, तुकोबा फ्रेंचमध्ये नेले आणि विठोबावर १९६० मध्ये प्रबंध छापला. जर्मनीतून आलेले फादर लेडर्ले यांनी पुण्यात स्नेहसदन उभं केलं, आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर ग्रंथ लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून शेख महंमदांसारख्यांना पुन्हा वाचकांसमोर आणलं. यू. म. पठाण यांनी संतसाहित्य हाच आयुष्याचा विषय केला आणि १९९० मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे फकरुद्दीन बेन्नूर होते, आमच्याच विषयाचे, राज्यशास्त्राचे प्राध्यापक. यांतल्या कुणाच्याही पदनामात ‘शांतता’ हा शब्द नव्हता. पण दुसऱ्याचा धर्म त्याच्याच ग्रंथांतून, त्याच्याच भाषेत, त्याला ओळख पटेल असा समजून घेणं हे काम त्यांनी केलं.

वर्गात हे शिकवतात कसं, ते एका तासावरून सांगते. नियम एकच: समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. विषय मिरवणुकीचा होता. गणेश मंडळात काम करणारा एक मुलगा म्हणाला, "वर्षातून एकदा आमची मिरवणूक निघते आणि दरवेळी ढोल बंद करायला आम्हालाच सांगतात." समोरची मुलगी मुसलमान घरातली. ती म्हणाली, "म्हणजे तुला मशिदीपुढेही ढोल वाजवायचा आहे." मुलगा म्हणाला, "नाही. थांबवायला माझी ना नाही. सांगतात कसं ते लागतं. पोलीस दम देतात, आमच्याशी कुणी बोलायला येत नाही." दुसऱ्यांदा तिने सांगितलं, "तुला हुकूम नको, तुला विचारायला हवं." तो म्हणाला, "हो, हेच."

मग तिची पाळी. "मिरवणूक गल्लीत शिरली की आई दार लावून घेते. कुणी काही केलेलं नसतं, तरी लावते." मुलगा लगेच म्हणाला, "तुम्हाला मिरवणूक आवडत नाही." ती म्हणाली, "लहानपणी मी गॅलरीतून बघायचे. आवडायची. दार लावावं लागतं ते आवडत नाही." त्याला ते परत सांगायला वेळ लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग उठला नाही. या दोघांचं मत बदललं का, ते मी विचारलं नाही, विचारायचं नसतं. संवादात मत बदलण्याची अट घातली की माणसं खरं बोलेनाशी होतात.

आता पोटापाण्याचं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे. दिल्लीच्या जामिया मिलियात नेल्सन मंडेला केंद्रात संघर्षाचं विश्लेषण आणि शांतता-उभारणी यात एम.ए. करता येतं. बनारस हिंदू विद्यापीठात शांतता संशोधनाचं मालवीय केंद्र आहे. परदेशात ब्रॅडफर्डचा विभाग १९७३ पासून, स्वीडनच्या उप्सालाचा त्याच सुमाराचा, अमेरिकेत नोत्र दामची क्रॉक इन्स्टिट्यूट १९८६ पासून. नेट परीक्षेत बौद्ध, जैन, गांधी व शांतता अभ्यास असा एक विषय आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यास असा दुसरा. पण या नावाच्या जागा थोड्या निघतात, हे मी भाचीला स्पष्ट सांगितलं. बहुतेकांना राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, कायदा किंवा समाजकार्य यांच्या विभागातच जागा मिळते आणि तिथे राहून हा अभ्यास करावा लागतो. म्हणून मूळ विषय पक्का हवा. भाषा हव्यात: हुबळीवर काम करायचं तर कन्नड आणि उर्दू दोन्ही वाचता यायला हव्यात, मराठी आहेच. दाव्याची कैफियत आणि निकालपत्र वाचता यायला हवं, कारण आपल्याकडे धर्माचं भांडण म्हणून जे दिसतं, त्याच्या तळाशी जमिनीचा कागद निघतो. इदगाहचंच बघा, शंभराहून जास्त वर्षं मागे जाणारा करार.

आणि जोखीम आहे, ती आईबापांपासून लपवू नये. वचन साहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडला त्यांच्या घरी गोळी घातली गेली. आम्ही सगळे त्यांना ओळखत होतो किंवा ऐकून होतो. त्या आठवड्यात धारवाड-हुबळीच्या प्राध्यापकांच्या घरांत काय बोलणं चाललं होतं, ते मला अजून आठवतं. तरी विभाग बंद पडले नाहीत, प्रबंध लिहिले जात राहिले.

भाचीला मी प्रबंधाचा विषयही सुचवला आहे. इदगाहच्या गोळीबारावर ढीगभर लिहिलं गेलं. पण पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, देवेगौडा मुख्यमंत्री असताना समेट झाला आणि त्याच मैदानावर तिरंगा शांतपणे फडकला, त्यावर सलग, नीट असं मला वाचायला मिळालेलं नाही. कोण कुणाच्या घरी गेलं, अंजुमनच्या बैठकीत काय ठरलं, कुणी कुणाला शब्द दिला, पोलिसांनी काय हमी दिली, कुणी आपल्याच लोकांचा रोष पत्करला, हे कागदावर आलेलं नाही. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. येत्या सुटीत भाची इथे येणार आहे. माझ्या खोलीत तिची गादी घालायची आणि रोज सकाळी दोघींनी एकेका घरी जायचं असं ठरलं आहे. तिच्या वडिलांनी जुना टेपरेकॉर्डर काढून ठेवला होता. मी सांगितलं, मोबाइल पुरेल, त्याऐवजी तिला उर्दूची शिकवणी लावा.